दुसरी आंघोळ

प्रणव डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलेला होता. तरी तो बाथरूममध्ये गेला आणि त्यानं पुन्हा आंघोळ केली.

मी बाहेर कट्ट्यावर बसले होते. मांडीवर पप्पांनी आणलेला डबा. आत नळ सोडल्याचा आवाज आला. मग बादली भरल्याचा. मग अंगावर पाणी पडल्याचा. थांबून पुन्हा. थांबून पुन्हा. दाराखालून साबणाचा वास यायला लागला.

ओल्या माणसानं आंघोळ केली. माझ्या वडिलांनी त्याच्या डोक्यावर एक तांब्या पाणी ओतलं होतं, म्हणून.

असं मला वाटलं. कदाचित तसं नसेलही. हे ‘कदाचित’ फार वाईट असतं. कुणी शिवी दिली तर ती दाखवता येते. साबणाचा वास कुणाला दाखवायचा?

सोलापूरच्या कडेला जी धावपट्टी आहे तिथं एक छोटी संस्था होती. मी तिथं विमान चालवायला शिकत होते. प्रवासी विमानाची वैमानिक व्हायचं तर रस्ता ठरलेला असतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स. मग डॉक्टरांची तपासणी, डोळ्यांपासून हृदयापर्यंत. मग विद्यार्थ्याचा परवाना. मग हवामान, नेव्हिगेशन, हवाई नियम, विमानाचं यंत्र, रेडिओवर बोलायची वेगळी परीक्षा. आणि जोडीला हवेतले दोनशे तास. त्यातले सुरुवातीचे तास शिकवणारे सर शेजारच्या सीटवर असतात. एक दिवस ते विमान थांबवायला लावतात, पट्टा सोडतात, खाली उतरतात आणि दार लावता लावता म्हणतात, “जा. एक चक्कर मारून ये.” तो सोलो.

सोलो करून आलेल्याला बाकीचे भिजवतात. वैमानिकांमध्ये हे खूप ठिकाणी करतात म्हणे. आमच्याकडे विमानं ठेवायच्या हँगरशेजारच्या कडुलिंबाखाली बादली भरून ठेवायचे. पहिला तांब्या सरांचा, मग सगळ्यांचा. भिजलं की वैमानिक. तोवर नुसता विद्यार्थी. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण भिजलेल्यांचा चहा सरांच्या खोलीत व्हायचा. आमचा बाहेर, कट्ट्यावर.

पहिल्यांदा ते पाणी बघून मला कसंतरी झालं होतं. आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आमच्या घरासमोर निळी पिंपं रांगेनं उभी असतात. आई भाजी धुतलेलं पाणी झाडाला घालते. आणि इथं हसत हसत बादल्या रिकाम्या करत होते.

शिवाय ते पाणी माझ्या ओळखीचं होतं. पप्पा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. लोक त्यांना चावीवाला म्हणतात. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याच्याखाली व्हॉल्व्ह. लांब दांड्याची चावी आत सोडायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. आधी नुसती हवा गुरगुरते. मग पेठेत पाणी येतं. नवी पेठ पप्पांकडे होती. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जायची. दुकानाच्या पायरीवरून कुणी सराफ, कुणी कापडवाला ओरडायचा, “ओ चावीवाले, आज लवकर सोडा की! घरी पावणे हायत!” पप्पा मान हलवायचे. त्यांना ते आवडायचं.

एका घरी आम्ही पाणी मागितलं. मांडणीवर स्टीलचे पेले चकचकत होते. बाईंनी कागदी कपात पाणी आणलं. प्रेमानं आणलं. मला गोळी पण दिली. पप्पा पाणी प्यायले आणि कप चुरगाळून त्यांनी खिशात टाकला.

“रस्त्यावर कचरा कशाला?” ते म्हणाले.

त्यांच्या खाकी पँटच्या खिशात तसे कितीतरी कप निघायचे. आई कपडे धुताना काढून टाकायची. मी कधी विचारलं नाही.

पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. तिथं मी फार बोलत नसे. बघत असे. कोण कुणाच्या डब्यात हात घालतं, कोण आडनाव विचारतं, आडनाव कळल्यावर कुणाचा आवाज बदलतो. शाळेत मी एक गोष्ट पक्की शिकले. ‘गुड मॉर्निंग’ला जात नसते. पुढं संस्थेतही मी सगळ्यांना गुड मॉर्निंगच म्हणायची. तिथं कुणी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

प्रणवचा सोलो झाला त्या दिवशी मी डबा घरी विसरले होते. पप्पा मोपेडवरून तो द्यायला आले. कडुलिंबाखाली आरडाओरडा चालला होता. प्रणव मधे उभा, निथळत. नवी पेठेत त्याच्या घरचं सराफी दुकान. त्यानं पप्पांना ओळखलं.

“अरे, हे तर आमच्या पेठेचे चावीवाले काका!”

सर खुशीत होते. “या काका, या. तुम्ही पण ओता एक. शुभ असतं.”

“ओता काका! तुमचंच पाणी हाय!” प्रणव म्हणाला. सगळे हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तोपर्यंत काही वाईट नव्हतं.

प्रणव वाकला. पप्पांनी तांब्या भरला. बाकीच्यांनी पाणी फेकलं होतं, पप्पांनी ओतलं. हळू. लहान मुलाला न्हाऊ घालतात तसं एक हात त्याच्या केसांवर ठेवून. “मोठा हो, बाळा.” मग ते सरांकडे वळले, छातीवर हात ठेवला आणि रोज दहा ठिकाणी म्हणतात तसं म्हणाले,

“जयभीम सर. माजी पोरगी पन हितंच हाय शिकाया. तिलाबी असंच भिजवा की.”

आवाज एकदम थांबले. फोटो काढणारे मोबाइल खाली आले. सर म्हणाले, “हां… हां. नमस्कार, नमस्कार.” प्रणवच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे पप्पांवरून माझ्यावर आले. मग पुन्हा पप्पांवर गेले. आपले केस आपले नसल्यासारखा त्यानं हात वर नेला आणि केसांना न लावताच खाली घेतला.

“आलोच,” तो म्हणाला आणि बाथरूमकडे गेला.

पप्पांनी तांब्या विसळला. कट्ट्यावर पालथा घातला. डबा माझ्या हातात दिला. “येतो गं.” मोपेड दोन किकमध्ये चालू झाली नाही. तिसऱ्या किकला झाली.

घरी त्यांनी आईला सांगितलं, “लई मोठ्या घरचं पोरगं. पन वाकलं की माज्यापुढं.”

मी जेवत होते. घास गिळला.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. हेच सांगायला अवघड जातं. कुणी काहीच बोललं नाही. संस्थेचे हेडसेट सगळ्यांचे मिळून होते. माझ्यानंतर बसणारा आता माइकचा स्पंज काढून नवा घालायचा. घालतातच. स्वच्छता असते. कदाचित. बाकावर माझ्या शेजारी बॅग ठेवायचे. बॅग कुठंतरी ठेवावीच लागते. कदाचित. रात्री पुस्तक उघडलं की ओळींच्या मागं पाणी पडायचं. थांबून पुन्हा. थांबून पुन्हा. मला कळायचं, ही दाराआडची आंघोळ आहे, अजून संपलेली नाही.

उड्डाणाआधी विमानाच्या टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून बघावं लागतं. त्यात पाणी मिसळलेलं असलं तर ते तळाशी बसतं. वरून पेट्रोल स्वच्छ दिसतं. पेला उजेडाकडे धरून तळ बघायचा. पाण्यानं इंजिन बंद पडू शकतं, तेही हवेत. मी रोज तो पेला धरायची. पेट्रोल नेहमी स्वच्छ असायचं. तळाशी काही नसायचं. तरी मी जास्त वेळ बघत राहायची.

माझ्या सोलोच्या सकाळी पप्पा म्हणाले, “मी येत न्हाय. पान्याची पाळी हाय.”

नवी पेठेची पाळी आदल्या दिवशी झाली होती. मला माहीत होतं.

सर उतरले. दार लागलं. उजवी सीट रिकामी. एका माणसाचं वजन कमी झालं की ते छोटं विमान वेगळंच वागतं. मला वाटलं त्याच्या आधीच चाकं जमिनीवरून सुटली. मी डावीकडे वळले. पंखाखाली शहर आलं. यंत्रमागांचे पत्रे, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, मग आमची वस्ती. निळ्या पिंपांवरून मला घर ओळखू आलं. इतक्या वरून माणूस दिसत नाही. पिंप दिसतं. मी रेडिओवर जे बोलायचं ते बोलले. माझा आवाज हलला नाही. हेडसेटमध्ये खरखर होती. त्या खरखरीतही कुणीतरी अंगावर पाणी घेत होतं.

चाकं नीट टेकली. इतकी नीट नंतर फार थोड्या वेळा टेकली असतील.

इंजिन बंद करून मी कडुलिंबाकडे चालत गेले. बादली भरलेली होती. काठोकाठ. वर तांब्या तरंगत होता.

सर म्हणाले, “लँडिंग चांगलं झालं.” घड्याळ बघितलं. “पुढचा कोण?”

कुणीतरी विचारलं, “सर, बादली?”

प्रणव कट्ट्यावर बसला होता. मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, “हिला काय भिजवायचं? हिच्या घरी तर अख्ख्या पेठेचं पाणी.”

सगळे हसले. सरही हसले, अर्धे. मग म्हणाले, “बरोबर आहे. उन्हाळा आहे, पाणी वाया नको. चला, ब्रीफिंग.”

ते गेले. मी तिथंच उभी राहिले.

किती वेळ, माहीत नाही. ऊन पाठीवर होतं. मला वाटत होतं, कुणीतरी परत येईल. एक तरी. आपली चूक कळून, नाही तर चेष्टा म्हणून, नाही तर विसरलेली टोपी घ्यायला. येईल आणि जाता जाता तांब्या उचलेल. मला सगळ्यात जास्त छळतं ते हे. ते हसले हे नाही. मी वाट बघितली, हे.

मी स्वतः तो तांब्या उचलू शकत होते. पण आपलं आपण ओतलं तर ती आंघोळ होते. मान होत नाही.

घरी आईनं दारात टॉवेल ठेवला होता. कोरडे कपडे. गॅसवर आल्याचा चहा. मीच तिला ती पद्धत सांगितली होती.

“वाळलीस व्हय एवढ्यात?” आईनं विचारलं.

“ऊन लई होतं,” मी म्हणाले.

पप्पा खुर्चीत होते. उठून जवळ आले. माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली. कापड चाचपलं. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. त्यांनी बाही सोडली, कोपऱ्यातली चावी उचलली आणि बाहेर गेले. पाळी कुठंच नव्हती तरी.

पुढचे सगळे तास मी कोरडीच उडाले. लातूरपर्यंत एकटी जाऊन आले. कलबुर्गीपर्यंत गेले. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांकडे बघून विमान सरळ ठेवायला शिकले. त्यात पहिला धडा असा असतो की शरीर काय सांगतं त्यावर विश्वास ठेवू नका. शरीर म्हणतं आपण वळतोय, काटा म्हणतो सरळ. काट्याचं ऐकायचं. मी आकाशात काट्याचं ऐकायची. खाली आले की माझ्याकडे काटा नव्हता. नुसतं शरीर होतं आणि ते म्हणत होतं, त्यानं आंघोळ केली.

चहा मी बाहेरच प्यायची. एकदा खोलीच्या दारात गेले होते. आतून कुणीतरी हसत म्हणालं, “तू अजून भिजली नाहीस ना?” नियम तर नियम. मी मागे फिरले.

शेवटची चाचणी पास झाले. परवाना हातात आला. संस्थेतून असा परवाना मिळवणारी मी पहिली मुलगी होते, हे मला वर्तमानपत्रवाल्याचा फोन आल्यावर कळलं.

मग सगळं बदललं. सरांनी मला खोलीत बोलावलं. चिनी मातीच्या कपात चहा. “बेटा, नवीन बॅचला हवामान, नेव्हिगेशन, हे ग्राउंडचे विषय तूच शिकव. इथंच राहा. वर ओळखी आहेत माझ्या. एअरलाइनमध्ये शब्द टाकतो.” मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळत नाही. मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, मग मुलाखती, आणि तोवर कुठंतरी विमानाच्या जवळ राहणं. सरांचा शब्द म्हणजे दार होतं.

कार्यक्रम ठेवला. गेटवर फ्लेक्स. त्यावर माझा फोटो आणि ‘सोलापूरच्या कन्येची गगनभरारी’. खाली विश्वस्तांचे फोटो, माझ्या फोटोपेक्षा मोठे. आई-पप्पांना पुढच्या रांगेत बसवलं. पप्पांचा पांढरा शर्ट, आईची इरकल. भाषणं झाली. समाज, संधी, समता. मग सर माइकवर म्हणाले, “आता आपली परंपरा!”

कडुलिंबाखाली तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं. झेंडूची माळ घातलेलं. फोटोग्राफर पुढं सरकले. भरलेला तांब्या हातात धरून प्रणव उभा होता. अजून त्याचा परवाना व्हायचा होता.

“पहिला मान वडिलांचा!” सर म्हणाले. “काका, या.”

पप्पा उठले नाहीत. माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तिसऱ्या किकपासून.

मी झाडाखाली गेले. हात मागे धरून उभी राहिले.

“सर, नको,” मी म्हणाले.

“अगं लाजतेस काय!”

“माझा सोलो झाला त्या दिवशी इथं बादली भरलेली होती. त्या दिवशी माझ्यावर पाणी पडलं नाही. आज नको.”

सर हसत हसत माझ्याजवळ आले. आवाज खाली. “फोटोपुरतं, बेटा.”

“फोटोपुरतं तर नकोच.”

प्रणव म्हणाला, “यार, ती गंमत होती. एवढं काय मनात ठेवायचं?”

मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात मी कुणाकडे इतका वेळ सरळ बघितलेलं नव्हतं.

“तुझ्या सोलोच्या दिवशी तू दुसऱ्यांदा आंघोळ का केलीस?”

कॅमेरे थांबले.

“कधी? मी… ऑइल लागलं होतं केसांना.”

“माझ्या पप्पांच्या तांब्यात ऑइल नव्हतं.”

प्रणवनं तांब्याकडे बघितलं. तांब्या हातात तसाच. त्यातलं पाणी थोडं हिंदकळून त्याच्या बुटावर पडलं. मला वाटलं होतं, हा प्रश्न विचारला की आतलं काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. फक्त ‘कदाचित’ संपलं. त्याचा चेहरा मी बघितला. आता कदाचित नाही.

मी सरांकडे वळले. छातीवर हात ठेवला, पप्पांनी ठेवला होता तसा. “जयभीम सर.” आणि आई-पप्पांना घेऊन गेटबाहेर आले.

मोपेडपाशी पप्पा म्हणाले, “तुला ठाव व्हतं व्हय?”

“मी दाराबाहेर बसले होते.”

“मी तांब्या इसळला की,” ते म्हणाले. “माज्या हातानं इसळून पालथा घातला. त्यांनी सांगायच्या आदी.” मग चिडून म्हणाले, “आता शब्द कोन टाकनार तुज्यासाटी? एक तांब्या घेतला असतास तर काय मेली असतीस?”

आई म्हणाली, “गप बसा ओ.”

त्यांचा राग खरा होता. माझ्यावर नव्हता, पण खरा होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काही आलं नाही. फ्लेक्स उतरवला. सर फोन उचलत नाहीत. नवीन बॅचला दुसरं कुणीतरी शिकवतं. मी घरी बसून मुलाखतींची तयारी करते, आणि नवी पेठेत एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. तिथला कागदी कप मी घेत नाही. घरून बाटली नेते.

सोलोचा तो शर्ट मी धुतला. पप्पांनी सोडलेल्या पाण्यात. पिळताना आवाज आला, दाराआडचा. तो अजून येतो. नळाखाली हात धरला तरी येतो. आधी मला वाटायचं तो जावा. आता वाटतं, राहू दे. तो आवाज गेला तर मी पुन्हा एखाद्या झाडाखाली वाट बघत उभी राहीन.

मी मोठं विमान चालवणार आहे. उशीर लागेल, शब्दाशिवाय लागतोच. पण त्या सीटवर मी बसणार. दारं बंद व्हायच्या आधी माइक घेणार. बरेच कॅप्टन फक्त पहिलं नाव सांगतात. मी माझं नाव, पप्पांचं नाव आणि शाळेपासून लपवलेलं आडनाव, तिन्ही सांगणार. सावकाश, स्पष्ट, रेडिओवर बोलतात तसं. ते ऐकून कुणाला उतरायचं असेल तर त्यानं तेव्हाच उतरावं.

नंतर कुणाला आंघोळ करावीशी वाटली, तर ती घरी जाऊन करावी. विमान मी वळवणार नाही.